आंब्यावरची माशी नेमकी कोणती? पंख, केस आणि अंडनलिका

हापूसच्या बागेत मिथाइल युजेनॉलचा, म्हणजे नर माशांना ओढणाऱ्या वासाचा, सापळा लावला की एप्रिल-मेमध्ये डब्याच्या तळाशी फळमाशांचा थर साचतो. सगळ्या तपकिरी-काळ्या, सगळ्यांच्या पाठीवर दोन्ही बाजूंना पिवळे पट्टे, लांबी सहा ते आठ मिलिमीटर. नोंदवहीत त्या सरसकट ‘बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस’ म्हणून मोजल्या जातात. बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण त्याच डब्यात बॅ. झोनाटा आणि बॅ. करेक्टा या दोघी असू शकतात आणि दक्षिण भारतात बॅ. कॅरियेही. चारही जातींचे नर याच वासावर येतात, त्यामुळे ‘मिथाइल युजेनॉलच्या सापळ्यात सापडली’ हा ओळखीचा पुरावा होत नाही.

बागायतदाराला या फरकाने काय मिळतं? बागेपुरतं बोलायचं तर फार नाही. गळलेली फळं रोज वेचून खोल पुरायची, सापळे वेळेवर बदलायचे, झाडावर फळ जास्त पिकू द्यायचं नाही. जात कोणतीही असली तरी उपाय हेच. फरक पडतो तो निर्यातीत, आणि कीड नव्या मुलखात पोचली आहे का हे ठरवताना. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातला आंबा आणि त्याच्यासोबत वांगी, अळू, कारली, पडवळ यांची आयात थांबवली होती. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. मालात सापडलेल्या किडींमध्ये फळमाशा ठळक होत्या. आता कारल्यातली फळमाशी आणि आंब्यातली फळमाशी या सहसा वेगळ्या जाती. कारल्यातलीचे नर क्यू ल्यूर या दुसऱ्या आमिषावर येतात, मिथाइल युजेनॉलकडे फिरकत नाहीत. कागदावर चुकीचं नाव गेलं तर पुढचा सगळा बंदोबस्त चुकीच्या माशीचा होतो.

घोळ सुरू होतो तो सापळ्यात

निम्म्या चुका सूक्ष्मदर्शकाखाली होतच नाहीत. त्या माशी मरताना आणि साठवताना झालेल्या असतात.

आपल्याकडचं रूढ मिश्रण म्हणजे अल्कोहोल, मिथाइल युजेनॉल आणि मॅलेथिऑन ६:४:१ या प्रमाणात, त्यात भिजवलेला प्लायवूडचा तुकडा. माशा मोजायला हे उत्तम, ओळखायला वाईट. युजेनॉल तेलकट असतं. माशी त्या तुकड्यावर लोळते आणि मग उन्हात डब्यात सुकताना तिच्या अंगातली चरबीही बाहेर झिरपते. पिवळे पट्टे तपकिरी होतात, पाठीवरची बारीक राखी लव चिकटून बसते आणि तांबूस पाठ काळी दिसायला लागते. पाऊस सुरू झाला की डब्यात पाणी शिरतं, बुरशी येते, पंख एकमेकांना चिकटतात. म्हणून ओळखीसाठी नमुने हवे असतील तर डबा आठवड्यातून एकदा तरी रिकामा करा, पावसाळ्यात दोनदा. माशा सुट्या बाटलीत ओतू नका. टिश्यू कागदाच्या थरांमध्ये ठेवा. बाटली हलली की पाठीवरचे राठ केस मोडतात, आणि पुढे अर्धी ओळख त्या केसांच्याच मोजणीवर चालते.

तेलकट झालेली माशी काही तास इथाइल ॲसिटेटमध्ये किंवा ॲसिटोनमध्ये बुडवून मग कागदावर वाळवली, तर रंग बऱ्यापैकी परत येतात. पूर्ण नाही. ॲसिटोनजवळ ज्योत नको आणि खिडकी उघडी हवी, हे सांगायला नको.

दुसरी अडचण जास्त मोठी: सापळ्यात फक्त नर येतात. काही जाती वेगळ्या करायला मादीची अंडनलिका मोजावी लागते, आणि ती या डब्यातून कधीच मिळणार नाही. त्यासाठी किडलेली फळं आणून माशा वाढवाव्या लागतात. पसरट डब्यात दोन-तीन सेंटिमीटर चाळलेली कोरडसर वाळू घ्या, तिच्यावर जाळी आणि जाळीवर फळं ठेवा. जाळी नसेल तर फळाचा रस वाळूत उतरतो, वाळूचा चिखल होतो आणि कोष गुदमरतात. तोंडाला मलमलचं कापड बांधा. अळ्या फळातून बाहेर उडी मारून वाळूत शिरतात आणि कोष करतात. कोष चाळून हलक्या ओलाव्याच्या वाळूत वेगळे ठेवायचे. उन्हाळ्यात साधारण आठवड्या-दीड आठवड्यात माशा बाहेर पडतात.

इथे घाई करू नका. नुकती बाहेर पडलेली माशी फिकट असते, पोट सुरकुतलेलं, पंखांवरची पट्टी पुसट, पाठ काळी न दिसता विटकरी. अशी डॉर्सॅलिस लगेच मारली तर ती हमखास झोनाटाच्या नावावर जाते. साखर आणि ओला कापूस देऊन माशा चार-पाच दिवस जिवंत ठेवा, मग फ्रीझरमध्ये तासभर. त्यानंतर काही नमुने टाचणीवर कोरडे आणि काही ७०–८० टक्के अल्कोहोलमध्ये. डीएनएसाठी ९५ टक्क्यांपुढचं अल्कोहोल लागतं, पण त्यात माशी ठिसूळ होते आणि पाय गळतात. म्हणून त्या बाटल्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा.

प्रकाश आणि वाळू

वीस पटीचा साधा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक ढीग पाडायला पुरतो. केस मोजायला ४० पट, आणि चेहऱ्यावरचे डाग निश्चित करायला ६०–८० पट असली तर बरं. पण मोठेपणापेक्षा प्रकाश महत्त्वाचा. एलईडीची कडी थेट लावली की माशीच्या चकचकीत पाठीवर पांढरे ठिपके पडतात आणि पिवळा पट्टा कुठे संपतो ते दिसत नाही. दिव्यापुढे ट्रेसिंग पेपरचा तुकडा लावला की प्रश्न मिटतो. केस आणि त्यांच्या खळग्या शोधताना मात्र उलट करा. कागद काढा आणि दिवा एका बाजूने खाली आणा, म्हणजे सावली पडते.

अल्कोहोलमधली माशी पालथी-उताणी हवी तशी राहत नाही. छोट्या काचेच्या बशीत धुतलेली बारीक पांढरी वाळू पसरा, वर अल्कोहोल ओता आणि माशी वाळूत रुतवा. चेहरा सरळ वर करून दाखवायचा असेल तर याच्याइतका स्वस्त आणि पक्का उपाय नाही.

ओली आणि कोरडी माशी वेगळ्या दिसतात. अल्कोहोलमध्ये पाठीवरची राखी लव नाहीशी होते आणि काळा रंग गडद होतो. ओळखतक्त्यांमधली वर्णनं बहुतेक कोरड्या, टाचलेल्या नमुन्यांवरून लिहिलेली असतात. ओल्या माशीवर ‘पाठ पूर्ण काळी’ असं उत्तर देण्याआधी तिला दोन मिनिटं टिपकागदावर ठेवून पाहा.

आधी कुळ, मग गण, मग केस

केळ्यांवर घोंघावणारी दोन-तीन मिलिमीटरची चिलटं या कुळातली नव्हेत, तो गोंधळ सोडून देऊ. खऱ्या फळमाशांची, म्हणजे टेफ्रिटिडी कुळाची, खूण पंखाच्या पुढच्या कडेजवळ असते. उपकडेची शीर सरळ जाऊन टोकापाशी एकदम जवळजवळ काटकोनात वर वळते आणि कडेला पोचायच्या आत पुसट होते. शेजारच्या कुळांमध्ये असा मोड नसतो. ही शीर बघायची सवय लागली की सापळ्यातल्या उपऱ्या माशा एका नजरेत बाजूला निघतात.

मग बॅक्ट्रोसेरा, झ्युगोडॅकस, डॅकस ज्यात येतात तो गट. पंखाच्या मुळाशी मागच्या बाजूला असलेल्या छोट्या कप्प्याचं टोक लांब, निमुळतं बाहेर आलेलं असतं. स्पर्शिकेचा तिसरा भाग लांब असतो. आणि इतर फळमाशांना असणारे कित्येक केस इथे नसतातच: पाठीच्या मधल्या रांगेतले नाहीत, छातीच्या बगलेतला खालचा नाही. बोरातल्या कार्पोमिया वेसुवियानाशी तुलना करून बघा, ती जास्त केसाळ असते आणि तिच्या पंखावर आडवे पट्टे असतात. बोराच्या बागेतली माशी आंब्याच्या तक्त्यात घालून बघणारे पुष्कळ असतात, म्हणून सांगितलं.

डॅकस की बॅक्ट्रोसेरा, हे पोटाच्या पाठीवरच्या पट्ट्या ठरवतात. डॅकसमध्ये त्या एकमेकींना जुळून एकच कवच झालेलं असतं, सांध्यांच्या फक्त रेघा राहतात. बॅक्ट्रोसेरा आणि झ्युगोडॅकसमध्ये पट्ट्या सुट्या असतात आणि बाजूने पाहिल्यास कौलांसारख्या एकीवर एक चढलेल्या दिसतात. वरून बघून हे ठरवू नका, कारण रेघ दोघींतही दिसते. माशी मऊ करून पोट सुईने हळूच वाकवा. पट्टी पट्टीखाली सरकली तर डॅकस नाही. कोरडी माशी मऊ करायला झाकणाच्या डब्यात ओला टिपकागद आणि बुरशी येऊ नये म्हणून एखादी डांबरगोळी, बारा ते चोवीस तास. टाचणी पाण्याला टेकू देऊ नका.

बॅक्ट्रोसेरा आणि झ्युगोडॅकस पूर्वी एकाच गणात होत्या. २०१५ च्या सुमारापासून झ्युगोडॅकस वेगळा गण मानला जातो. म्हणून जुन्या तक्त्यांत आणि जुन्या मराठी पुस्तिकांत काकडीवरची माशी ‘बॅक्ट्रोसेरा कुकर्बिटी’ या नावाने सापडेल. शरीरावरची खूण नराच्या पोटाखाली आहे. पाचव्या खालच्या पट्टीची मागची कड बॅक्ट्रोसेरात खोल आत गेलेली असते, झ्युगोडॅकसमध्ये उथळ. नर उलटा केल्याशिवाय हे दिसत नाही, आणि वाळलेल्या माशीचं पोट आत दुमडलं असेल तर तेव्हाही नाही.

आता केस. छातीच्या मागे जो पिवळा अर्धचंद्राकार तुकडा असतो, ते स्क्युटेलम. त्याच्या कडेवर किती राठ केस आहेत? डॉर्सॅलिस, झोनाटा, करेक्टा यांच्यात दोन, टोकाजवळची एक जोडी. झ्यु. कुकर्बिटीतही सहसा दोन. झ्यु. टाऊमध्ये चार. दोडका-भोपळ्यावरच्या या दोन माशांच्या पाठीवर मधोमध तिसरा पिवळा पट्टा असतो, त्यामुळे त्या आंब्यावरच्यांपासून सहज सुटतात. पण त्यांना एकमेकींपासून वेगळं करताना लोक केसांवर अडखळतात. कारण साधं आहे: टाऊचे मागचे दोन केस मोडलेले असतात आणि बघणारा दोनच मोजतो. मोडलेल्या केसाची खळगी राहते, गोल, कडेला किंचित उचललेली. केस मोजू नका, खळग्या मोजा. शिवाय पंख पडताळा. कुकर्बिटीच्या पंखाच्या मागच्या आडव्या शिरेवर धुरकट काळसर छटा असते आणि टोकाशी कडेची पट्टी रुंद होऊन डाग बनते. टाऊची ती आडवी शीर स्वच्छ असते. केस आणि शीर जुळले नाहीत तर माशी परत वाळूत रुतवा आणि पहिल्यापासून बघा.

आंब्यावरच्या तिघी

दोनशे माशांचा डबा एकेक माशी तक्त्यात घालून संपत नाही. पहिल्यांदा पंखांवरून ढीग पाडा. पांढऱ्या कागदावर पंख पसरून पुढची कड पाहा.

डॉर्सॅलिस: पुढच्या कडेवर अरुंद तपकिरी पट्टी, मुळाकडून टोकापर्यंत अखंड. तिची आतली कड आर २+३ शिरेला (पुढच्या कडेजवळून टोकाकडे जाणारी लांब शीर) लागून किंवा तिला जरा ओलांडून जाते.

करेक्टा: पट्टी आर २+३ च्या टोकापाशी तुटते आणि पंखाच्या टोकाशी वेगळा छोटा डाग असतो.

झोनाटा: पट्टी जवळजवळ नाहीच. कडेवर मध्यभागी थोडा पिवळसरपणा आणि टोकाला एकटा डाग.

एवढ्यानेच ऐंशी टक्के काम होतं असं म्हणायचा मोह होतो, पण माशी कोवळी असेल तर डॉर्सॅलिसची पट्टीही तुटक भासते. तेव्हा पंख मुळापासून कापून ग्लिसरीनच्या थेंबात काचपट्टीवर ठेवा आणि ४० पटीखाली खालून प्रकाश द्या. पुसट असली तरी पट्टी सलग आहे की मध्ये खरोखर स्वच्छ जागा आहे, हे लगेच कळतं. पंखावर हवेचा बुडबुडा राहिला तर तोच डाग वाटतो. सुईने बाहेर ढकला.

दुसरी पडताळणी चेहऱ्यावर. स्पर्शिकांच्या खाली दोन काळे डाग असतात. डॉर्सॅलिस आणि झोनाटात ते गोल किंवा लंबगोल आणि एकमेकांपासून सुटे. करेक्टात आडवे ताणलेले, मध्ये जवळजवळ भिडून काळ्या पट्टीसारखे दिसणारे. हे लक्षण मला पंखापेक्षाही जास्त भरवशाचं वाटतं, कारण तेलाने आणि उन्हाने चेहरा पंखाइतका बिघडत नाही. फक्त डोकं वाळताना आत खचलं असेल तर डाग सुरकुतीत लपतो.

पाठीचा रंग तिसऱ्या क्रमांकावर. झोनाटाची पाठ तांबूस तपकिरी, करेक्टाची काळी. डॉर्सॅलिसची? काळ्यापासून तांबूस तपकिरीपर्यंत काहीही, मध्ये भाल्याच्या पात्याच्या आकाराचा गडद भाग असलेलीही. म्हणजे पाठ तांबूस आहे म्हणून झोनाटा, हा निष्कर्ष चूक. नेमका हाच निष्कर्ष सर्वांत जास्त वेळा काढला जातो, कारण वरून बघितल्यावर पहिली पाठच दिसते.

पोटावरची ‘टी’ आकाराची काळी खूण डॉर्सॅलिसमध्ये ठळक असते: तिसऱ्या पट्टीच्या मुळाशी आडवी रेघ आणि तिथून तिसऱ्या ते पाचव्या पट्टीपर्यंत मधली उभी रेघ. झोनाटात ती बहुधा अपुरी. पण खुणेची रुंदी एकाच फळातून निघालेल्या माशांतही बदलते. पूरक पुरावा म्हणून ठेवा, निकाल म्हणून नाही.

आणि मांड्या. पाय सहसा कोणी बघत नाही. डॉर्सॅलिसच्या मांड्या बहुतेक एकरंगी पिवळट असतात. पंखाची पट्टी अखंड, पाठ काळी, पण पुढच्या मांडीवर टोकाजवळ ठळक काळा डाग दिसला तर थांबा, ती बॅ. कॅरिये असू शकते. दक्षिण भारतातून आलेले नमुने बघताना मांडी आधी पाहायची. टाचताना पाय पोटाखाली दुमडून वाळू दिले तर हा डाग दिसत नाही, म्हणून माशी मऊ असतानाच पुढचा एक पाय सुईने बाहेर ओढून ठेवा.

डॉर्सॅलिस म्हणजे नेमकी कोण?

इथपर्यंतचं काम सरावाचं आहे. पुढचं काम तज्ज्ञांनाही अनेक वर्षं झुलवत होतं. १९९४ मध्ये डॉर्सॅलिसच्या जवळच्या अनेक माशा स्वतंत्र जाती म्हणून वर्णिल्या गेल्या, त्यांत बॅ. पपाये, बॅ. फिलिपिनेन्सिस आणि बॅ. कॅरम्बोले होत्या. २००३ मध्ये केनियात अशीच एक माशी सापडली, ती श्रीलंकेतल्या माशांशी जुळत होती, आणि २००५ मध्ये तिला बॅ. इन्व्हेडेन्स असं नाव मिळालं. त्या नावासोबत आफ्रिकेतल्या आंब्यावर निर्यातबंद्या आल्या.

पपाये आणि डॉर्सॅलिस यांच्यातला मुख्य फरक अंडनलिकेच्या लांबीचा होता: डॉर्सॅलिस सुमारे १.४ ते १.६ मिलिमीटर, पपाये सुमारे १.८ ते २.१. नरांच्या लिंगाची लांबीही तशीच वापरली जाई. पण मधल्या प्रदेशांतल्या माशा मोजल्या तेव्हा लांबी पायरी घेत नाही, हळूहळू सरकत जाते असं दिसलं. या माशांचे आपसात संकर सहज होतात, संतती प्रजननक्षम निघते आणि डीएनएही जुळतो. हे सगळं मांडून २०१५ मध्ये पपाये, फिलिपिनेन्सिस आणि इन्व्हेडेन्स या तिन्ही डॉर्सॅलिसमध्ये विलीन केल्या गेल्या. काही जाणकारांनी ते मान्य केलं नाही, पण काम करताना आता तेच नाव चालतं.

कॅरम्बोले मात्र वेगळी राहिली. ती थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया या पट्ट्यातली, आपल्याकडे अंदमानात. १९७५ मध्ये ती थेट दक्षिण अमेरिकेत सुरीनाममध्ये मिळाली आणि पुढे ब्राझीलमध्ये शिरली. पंखाची पट्टी आर २+३ ला स्पष्ट ओलांडते आणि टोकाशी गळाच्या आकड्यासारखी फुगते. पोटाच्या चौथ्या पट्टीच्या पुढच्या कोपऱ्यांत चौकोनी काळे डाग असतात. पोटावरची मधली रेघ रुंद असते. एका माशीवर यातली दोन लक्षणं कॅरम्बोलेची आणि एक डॉर्सॅलिसची, असं सर्रास होतं. कोकणातल्या बागेतली एकटी माशी अशी दिसली म्हणून कॅरम्बोलेची नोंद करू नये. वीस-पंचवीस माशांची मालिका हवी, आणि डीएनए.

अंडनलिका काढणं

मादीच्या पोटाच्या टोकाला दिसणारी सुळक्यासारखी नळी ही अंडनलिका नव्हे. ते आवरण आहे. त्याच्या आत घडी घातलेला दातेरी पडदा आणि त्या पडद्याच्या आत खरी सुईसारखी अणी असते. मोजायची ती अणी.

माशी मऊ करा. पोट चौथ्या पट्टीच्या पुढे बारीक कात्रीने कापा. माशीचा बाकीचा भाग टाचणीवर राहू द्या. पोट १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये टाका: थंड असेल तर रात्रभर, घाई असेल तर परीक्षानळीत घालून गरम पाण्याच्या भांड्यात दहा-पंधरा मिनिटं. थेट ज्योतीवर नको. द्रावण उसळून बाहेर उडतं आणि ते डोळ्यात जाणं परवडणारं नाही. चष्मा आणि हातमोजे घाला. चरबी विरघळून आतलं स्वच्छ दिसायला लागलं की काढा. जास्त वेळ राहिलं तर अणीला काही होत नाही, पण पडदा लिबलिबीत होतो आणि ओढताना फाटतो. मग पाण्यात एक थेंब व्हिनेगर टाकून धुवा, म्हणजे क्षार उरत नाही. न धुता ग्लिसरीनमध्ये टाकलं तर काही दिवसांत स्फटिक धरतात.

आता बशीत ग्लिसरीन घेऊन आवरणाचं मूळ बोथट सुईने दाबा आणि टोकाकडे सरकवत या. अणी बाहेर डोकावली की चिमट्याने तिचं टोक धरू नका, मोडतं. पडदा धरून ओढा. अणी पूर्ण बाहेर आली की खळगीच्या काचपट्टीवर ग्लिसरीनमध्ये आडवी ठेवा. झाकणकाच ठेवताना दोन्ही बाजूंना काचेचे बारीक तुकडे आधाराला द्या, नाहीतर दाबाने टोक पसरतं आणि आकार खोटा दिसतो.

मोजण्याआधी नेत्रिकेतली पट्टी प्रत्येक मोठेपणाला वेगळी जुळवून घ्या. एका खणाला २५ मायक्रॉन येत असतील तर १.५ मिलिमीटर म्हणजे ६० खण. अणी टोकापासून तिच्या कडक भागाच्या मुळापर्यंत मोजायची, पडदा सोडून. तिरपेपणा सांभाळा: १.५ मिलिमीटरची अणी २५ अंशांनी कलली असेल तर वरून ती सुमारे १.३६ दिसते, म्हणजे डॉर्सॅलिसच्या मर्यादेबाहेर गेली. टोक आणि मूळ एकाच वेळी स्पष्ट फोकसमध्ये आले, तरच आकडा लिहा. टोकाचा आकार १००–२०० पटीला पाहा. डॉर्सॅलिसचं टोक साधं, सुईसारखं निमुळतं, बाजूला दाते नसलेलं. दातेरी किंवा पसरट टोक दिसलं तर कुळाच्या पातळीपर्यंत मागे जा. तुम्ही वेगळ्याच माशीवर काम करत आहात.

फक्त अळी हातात असेल तर

बंदरावर आणि बाजारात सापडते ती अळीच. माझं मत स्पष्ट आहे: निव्वळ अळीच्या बाह्यरूपावरून बॅक्ट्रोसेराची जात लिहू नये. पूर्ण वाढलेल्या झ्यु. कुकर्बिटीच्या अळीच्या मागच्या टोकाला श्वसनरंध्रांखाली आडवी तपकिरी रेघ असते, ती एक चांगली खूण. बाकी तोंडातले हुकासारखे आकडे बघून आणि पुढच्या श्वसनरंध्रांची बोटं मोजूनही डॉर्सॅलिस गटात निर्णय लागत नाही.

सापडलेल्या अळ्यांचे तीन वाटे करा. एक वाटा फळासकट वाढवायला. एक थेट ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, डीएनएसाठी. तिसरा उकळीच्या जरा खालच्या पाण्यात मिनिटभर, मग ८० टक्के अल्कोहोलमध्ये. गरम पाण्याशिवाय अल्कोहोलमध्ये टाकलेली अळी आकसते आणि काळी पडते, मग रंध्रं दिसत नाहीत. डीएनए बारकोडने, म्हणजे एका ठरावीक जनुकाच्या तुकड्यावरून, झोनाटा, करेक्टा आणि कुकर्बिटी व्यवस्थित सुटतात. डॉर्सॅलिस आणि कॅरम्बोले नेहमीच्या सीओआय जनुकावरून स्वच्छ वेगळ्या होत नाहीत. प्रयोगशाळेला दुसरा जनुकीय तुकडाही तपासायला आधीच सांगा.

फोटो आणि चिठ्ठी

व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोवरून ओळख मागायची असेल तर पाठीचा एक देखणा फोटो निरुपयोगी आहे. चार लागतात: पाठ आणि स्क्युटेलम सरळ वरून, चेहरा समोरून, पंख पांढऱ्या कागदावर सपाट, आणि पुढचा पाय बाजूने. सोबत कोणत्या आमिषावर आली किंवा कोणत्या फळातून निघाली ते.

टाचणीवरच्या चिठ्ठीत गाव, तालुका, तारीख, फळ किंवा आमिष आणि गोळा करणाऱ्याचं नाव असावं. अल्कोहोलच्या बाटलीत चिठ्ठी आतमध्ये आणि पेन्सिलने लिहिलेली. बॉलपेनची शाई आठवड्यात उडते. काढलेली अंडनलिका ग्लिसरीनच्या बारीक कुपीत घालून त्याच टाचणीवर माशीच्या खाली टोचा. वेगळ्या पेटीत ठेवलेल्या कुपीचा आणि माशीचा मेळ पुढे कोणालाच लावता येत नाही. आणि फक्त नर हाती असतील, पाठ तेलकट असेल, मांड्या दिसत नसतील, तर चिठ्ठीवर ‘बॅ. डॉर्सॅलिस गट, नर’ एवढंच लिहा आणि कोणतं लक्षण पाहता आलं नाही ते खाली नोंदवा.